चार शर्यतींचा हट्ट : निकी लाउडा आणि 1983 ची मॅकलारेन

15 मे 1983 रोजी मोनाकोत फॉर्म्युला वनच्या वीस गाड्या शर्यतीला सुटल्या आणि त्यांत मॅकलारेनची एकही नव्हती. निकी लाउडा आणि जॉन वॉटसन हे संघाचे दोन्ही ड्रायव्हर पात्रता फेरीतच गळले होते. सातच आठवड्यांपूर्वी, 27 मार्चला, याच दोघांनी अमेरिकेतल्या लाँग बीचला कमाल केली होती. वॉटसन बाविसाव्या जागेवरून निघून पहिला आला आणि लाउडा तेविसाव्या जागेवरून दुसरा. गाडी तीच होती, ड्रायव्हरही तेच होते.

घोळ टायरचा होता. मॅकलारेनला टायर मिशेलिन पुरवत असे आणि मिशेलिनची बडी गिऱ्हाइकं होती रेनो आणि ब्रॅबम. दोघांकडे टर्बो इंजिनं होती, म्हणजे एग्झॉस्टच्या वायूच्या जोरावर जास्त हवा आत कोंबून ताकद वाढवणारी. टर्बोचा जोर सोसायचा तर टायर तेवढे टणक हवेत, म्हणून मिशेलिन तसे टायर बनवत गेली. मॅकलारेनच्या गाडीत मात्र फोर्ड कॉसवर्थचं साधं तीन लिटरचं व्ही-8 इंजिन होतं, ताकद पाचशे अश्वशक्तीच्या आसपास. त्या गाडीखाली हे टायर तापत नसत, आणि न तापलेला टायर रस्ता धरत नाही. मोनाकोत गुरुवारी दोघांची वेळ जमली नाही, शनिवारी पाऊस आला आणि सुधारायची संधीही गेली.

कॉसवर्थचे दिवस संपत आले होते हे सगळ्यांनाच दिसत होतं. रेनोने 1977 साली पहिल्यांदा टर्बो उतरवलं तेव्हा धूर सोडत बंद पडणारी ती गाडी लोकांच्या चेष्टेचा विषय होती. 1983 पर्यंत रेनो, फेरारी आणि बीएमडब्ल्यू या तिघांच्या टर्बोंनी शर्यती ताब्यात घेतल्या होत्या. मॅकलारेनकडे स्वतःचं टर्बो नव्हतं असं नाही. जर्मनीत वाइसाखच्या पोर्शे केंद्रात ते तयार होऊन चाचणीच्या टेबलावर फिरत होतं. मग ते गाडीत का नाही? याच वर्षी बसवायचं की पुढच्या वर्षी, आणि हे ठरवायचं कोणी, यावरून 1983 च्या उन्हाळ्यात संघात जे झालं त्याचा हा अभ्यास.

कोण कुठे उभं होतं

रॉन डेनिस हा संघाचा प्रमुख. मेकॅनिक म्हणून सुरुवात केलेला हा माणूस 1980 साली आपली 'प्रोजेक्ट फोर' ही कंपनी घेऊन डबघाईला आलेल्या मॅकलारेनमध्ये आला. हे लग्न जुळवून आणलं मुख्य प्रायोजक असलेल्या मार्लबोरो या सिगारेट ब्रँडने. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. गाड्यांवर रंग मार्लबोरोचे होते आणि संघाची तेव्हाची घडीही तिच्याच आग्रहातून बसली होती.

जॉन बर्नार्ड हा रचनाकार. फॉर्म्युला वनमधली पहिली कार्बन फायबरच्या सांगाड्याची गाडी, एमपी4/1, त्याने 1981 मध्ये रस्त्यावर आणली. इंग्लंडात तो सांगाडा करायला कोणी तयार होईना, तेव्हा अमेरिकेत यूटा राज्यातल्या हर्क्युलीस कंपनीकडून त्याने तो करून घेतला. त्याच वर्षी मोन्झाला वॉटसनची गाडी आदळून दोन तुकडे झाली, इंजिन मागे राहिलं, आणि वॉटसन कार्बनच्या त्या कवचातून चालत बाहेर आला. त्यानंतर बर्नार्डला कोणी हटकायला धजेना, आणि मला ते स्वाभाविक वाटतं.

टर्बो इंजिनाची मागणीही बर्नार्डनेच तपशिलात लिहून दिली होती. दीड लिटर, व्ही-6, लांबी-रुंदी-उंची एवढीच. पंप, नळ्या, एग्झॉस्ट कुठे असावेत तेही ठरलेलं. खाली आणि बाजूला काहीही लोंबता कामा नये, कारण गाडीखालून जाणारी हवा अडली तर गाडी रस्त्याला चिकटत नाही. पोर्शेत हान्स मेझगर यांच्यासारखा दिग्गज अभियंता हे काम बघत होता. अशा घराण्याने गिऱ्हाइकाच्या रचनाकाराचं इतकं ऐकून घेणं ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. पैसा आला मन्सूर ओज्जेह यांच्या टॅग कंपनीकडून, म्हणून इंजिनावर नाव लागलं टॅगचं.

मग 1982 च्या अखेरीस नियम बदलला. 1983 पासून गाड्यांचा तळ सपाट हवा असं ठरलं आणि ज्या हवेसाठी इंजिन इतकं अरुंद मागितलं होतं ती हवाच बरीचशी निकालात निघाली. बर्नार्डचा निर्णय झाला: 1983 जुन्या गाडीवर, कॉसवर्थवर काढायचं, 1984 साठी कोऱ्या कागदावरून नवी गाडी काढायची, आणि टॅग इंजिन तिच्यातच बसेल.

लाउडाचं वजन कशात होतं

1983 मध्ये लाउडा 34 वर्षांचा होता. 1975 आणि 1977 ची दोन विश्वविजेतेपदं फेरारीकडून जिंकलेली. 1 ऑगस्ट 1976 ला न्युर्बुर्गरिंगला गाडी पेटली, चेहरा आणि फुप्फुसं भाजली, धर्मगुरूने शेवटचे विधी केले. आणि सहा आठवड्यांनी डोक्याला पट्ट्या बांधून तो मोन्झाला चौथा आला. 1979 मध्ये माँट्रियलला सराव चालू असताना, मला आता गोल गोल फिरायचं नाही असं ठरवून तो निघून गेला आणि स्वतःची विमान कंपनी काढली. डेनिसने त्याला गळ घालून 1982 साठी परत आणलं. परतल्यावर तिसऱ्याच शर्यतीत, लाँग बीचला, तो जिंकला.

पण त्याचं संघातलं वजन घड्याळाच्या काट्यातून आलेलं नव्हतं. 1982 मध्ये वॉटसनने 39 गुण मिळवले आणि लाउडाने 30. 1983 मध्ये वॉटसनचे 22, लाउडाचे 12. वेगाने वजन ठरलं असतं तर संघात वॉटसनचं ऐकलं गेलं असतं.

ते आलं कुठून याची खूण 1982 च्या पहिल्याच शर्यतीत, दक्षिण आफ्रिकेतल्या क्यालामीला दिसली होती. ड्रायव्हरांना दिलेल्या सुपर लायसन्सच्या, म्हणजे फॉर्म्युला वनमध्ये धावायच्या परवान्याच्या, अर्जात एक कलम होतं ज्याने ड्रायव्हर आपापल्या संघाला बांधले जात होते. बहुतेकांनी न वाचता सही केली. लाउडाने वाचलं, फेरारीचा ड्रायव्हर दिदिए पिरोनीला गाठलं, आणि दोघांनी मिळून ड्रायव्हरांना बसमध्ये घालून जोहान्सबर्गच्या एका हॉटेलात नेलं. संघमालकांनी फोडू नये म्हणून सगळे एकाच खोलीत गाद्या टाकून झोपले. पुनरागमनाची पहिली शर्यत, नवा मालक, आणि हा माणूस संपाच्या पुढे. नोकरी जाईल ही भीती त्याला दाखवण्यात अर्थ नव्हता, कारण एकदा तो स्वतःच ती सोडून गेला होता. दुसरं म्हणजे, कागद वाचून सत्ता नेमकी कुठे बसली आहे हे शोधायची त्याला सवय होती. अनुभवी माणूस म्हणजे ज्याला गाडी जास्त कळते, असं आपण धरून चालतो. लाउडाला गाडी कळतच होती, पण मॅकलारेनमध्ये पैसा कोणत्या दारातून आत येतो हेही त्याला कळत होतं.

लोझानचं दार

मोनाकोनंतर लाउडाने टर्बोचा विषय लावून धरला. त्याचं म्हणणं सोपं होतं. नवं इंजिन टेबलावर कितीही तास फिरवा, शर्यतीतल्या तासाभरानंतर गाडीच्या पोटात साठलेली उष्णता, कर्बवरून, म्हणजे वळणाच्या कडेच्या उंचवट्यांवरून, उडताना बसणारे हादरे, पूर्ण टाकीचं वजन, पुढच्या गाडीची गरम हवा हे सगळं टेबलावर येत नाही. तिथे जे मोडायचं ते शर्यतीतच मोडणार. मग ते 1983 मध्ये मोडू द्या, जेव्हा गमावण्यासारखं काही उरलेलं नाही. 1984 च्या पहिल्या शर्यतीपासून शिकायला बसलो तर अर्धं वर्ष शिकण्यातच जाईल.

डेनिसने रचनाकाराची बाजू घेतली. बर्नार्ड ऐकणार नव्हता.

तेव्हा लाउडा स्वित्झर्लंडमध्ये लोझानला गेला, जिथे मार्लबोरोच्या मालक कंपनीचं, फिलिप मॉरिसचं, युरोपचं मुख्यालय होतं, आणि आलेआर्दो बुत्झी या तिथल्या प्रमुखांना भेटला. ही हकीकत त्याने स्वतःच पुढे सांगितली आहे. त्याने तिथे तक्रारीचा सूर लावला नाही. तुमच्या पैशावर चालणारा संघ तयार इंजिन बाजूला ठेवून हरतो आहे, एवढं समजावलं. मार्लबोरोने डेनिसवर दबाव आणला. ज्या प्रायोजकाच्या जोरावर डेनिस स्वतः मॅकलारेनमध्ये आला होता त्याला तो नाही म्हणू शकत नव्हता. टर्बो या वर्षीच धावेल असं ठरलं.

बर्नार्डचा संताप इथे नीट समजून घ्यायला हवा. त्याला हट्टी म्हणून बाजूला सारणं सोपं आहे आणि अन्यायाचंही. नव्या घराचा पाया खणत असलेल्या गवंड्याला बोलावून जुन्या घरावर आधी माडी चढव म्हणावं, तसं हे होतं. वोकिंगच्या त्या कार्यशाळेत माणसं मोजकी होती; जुन्या सांगाड्यात टर्बो बसवायला लागणारा प्रत्येक तास नव्या गाडीतून कापला जाणार होता. शिवाय बर्नार्डचं सगळं कसब इंजिन आणि गाडी एकमेकांसाठी बेतण्यात होतं. दुसऱ्या इंजिनासाठी काढलेल्या सांगाड्यात हे इंजिन कोंबून मिळालेली माहिती नव्या गाडीला कितपत लागू पडेल, हा त्याचा प्रश्न रास्त होता. तरीही त्याने एमपी4/1ई नावाची ती तात्पुरती गाडी तयार करून दिली.

चार शर्यती

28 ऑगस्टला हॉलंडमधल्या झांडव्होर्टला टर्बो मॅकलारेन पहिल्यांदा शर्यतीत उतरली. एकच गाडी होती, ती लाउडाला मिळाली. वॉटसन जुन्या कॉसवर्थवर.

झांडव्होर्टच्या लांब सरळ रस्त्याच्या टोकाला टार्झन नावाचं उजवं वळण आहे. तिथे ड्रायव्हर पूर्ण वेगात येतो आणि पायावर सगळा भार टाकून गाडी थांबवतो. एमपी4/1ई ला ब्रेक होते पाचशे अश्वशक्तीच्या गाडीचे. नवं इंजिन तिला कितीतरी जास्त वेगाने त्या वळणापर्यंत आणून सोडत होतं. वजनही वाढलेलं. दर फेरीला ब्रेकमध्ये जास्त उष्णता, आणि ब्रेकचं तेल उकळलं की पेडल पायाखाली मऊ पडतं. लाउडाची शर्यत ब्रेकपायी संपली. त्याच दिवशी वॉटसन कॉसवर्थवर तिसरा आला.

त्या रात्री बर्नार्ड म्हणू शकत होता की बघा, मी काय सांगत होतो. निकालाचा तक्ता त्याच्या बाजूने होता. पण नवं इंजिन किती वेगाने गाडी वळणावर नेतं आणि तिथे काय निकामी होतं, हे आता आकड्यांत हातात होतं, आणि नव्या गाडीचे ब्रेक अजून ठरायचे होते.

मोन्झाला दोन्ही गाड्यांत टर्बो बसलं. दोन्ही बंद पडल्या. लाउडाची विजेच्या बिघाडाने. ब्रँड्स हॅचलाही दोघांपैकी कोणी शेवटपर्यंत पोचलं नाही, लाउडाचं तर इंजिनच गेलं. 15 ऑक्टोबरला क्यालामीला शेवटची शर्यत. लाउडा मधल्या रांगेतून एकेक गाडी मागे टाकत दुसऱ्या क्रमांकावर आला. 77 फेऱ्यांपैकी सहा उरलेल्या असताना पुन्हा वीज गेली.

टर्बोने धावलेल्या चार शर्यतींत एकही गुण नाही. वर्षाअखेर लाउडा दहावा. कागदावर हा हट्ट सपशेल फसला होता. पण कोणकोणत्या कारणाने गाड्या थांबल्या ती यादी बघा: ब्रेक, वीज, इंजिन. यातली कोणतीही गोष्ट कोऱ्या कागदावर दिसली नसती. आणि क्यालामीच्या सत्तर फेऱ्यांनी आणखी एक सांगितलं, की गाडी धावते तेव्हा जिंकण्याइतकी जोरात धावते.

1984

नवी गाडी, एमपी4/2, आली तेव्हा ती पूर्णपणे बर्नार्डची होती. मागचा भाग बाटलीच्या गळ्यासारखा आवळलेला, इंजिनाभोवती शिवल्यासारखी बेतलेली. नियमही बदलले होते: टाकीत 220 लिटर इंधन, मध्ये भरायला बंदी. त्यामुळे ताकदीइतकीच काटकसर महत्त्वाची झाली आणि इंजिन सांभाळणारी बॉशची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, जिच्या विजेने आदल्या वर्षी रडवलं होतं, तीच आता हुकमाचा पत्ता ठरली.

16 पैकी 12 शर्यती मॅकलारेनने जिंकल्या. संघाचे गुण 143.5, दुसऱ्या आलेल्या फेरारीचे 57.5. रेनोने काढून टाकलेला आलें प्रोस्ट वॉटसनच्या जागी आला होता. त्याने सात जिंकल्या, लाउडाने पाच. विश्वविजेता झाला लाउडा, 72 विरुद्ध 71.5, अर्ध्या गुणाने. पात्रता फेरीत 16 पैकी 15 वेळा प्रोस्ट त्याच्या पुढे होता. लाउडाने ती लढाई सोडूनच दिली आणि रविवारची गाडी, तिचं इंधन, तिचे टायर यांवर सगळा वेळ घातला. ऑस्ट्रियात घरच्या शर्यतीत गिअरबॉक्समधला चौथा गिअर गेला, तरी मागून येणाऱ्या ब्रॅबमच्या पिकेला काही कळू न देता तो जिंकला. पोर्तुगालमधल्या एस्तोरिलला शेवटच्या शर्यतीत अकराव्या जागेवरून निघून त्याला विजेतेपदासाठी दुसरं यायचं होतं. दुसऱ्या क्रमांकावर धावणाऱ्या मॅन्सेलचे ब्रेक गेले आणि लाउडा दुसरा आला.

हे यश त्या चार शर्यतींमुळे आलं का? एवढं सरळ नातं जोडायला मी तयार नाही. 1984 च्या पहिल्याच शर्यतीत, ब्राझीलला, आघाडीवर असलेला लाउडा पुन्हा विजेच्या बिघाडानेच थांबला. म्हणजे सगळं काही 1983 मध्ये निस्तरलं नव्हतं. आणि एमपी4/2 इतकी सरस होती की थोडं अडखळूनही ती जिंकली असती, असा युक्तिवाद होऊ शकतो.

पण शेजारी एक उदाहरण आहे. विल्यम्स संघाने होंडाचं टर्बो त्याच क्यालामीला पहिल्यांदा उतरवलं, म्हणजे 1983 मध्ये त्यांना एकच शर्यत मिळाली. 1984 मध्ये केके रोझबर्गने डॅलसला एक शर्यत जिंकली, बाकी वर्ष इंजिन आणि सांगाड्याशी झगडण्यात गेलं आणि विल्यम्स सहावी आली. इंजिनं वेगळी, गाड्या वेगळ्या, तुलना अचूक नाही हे मान्य. तरीही नवं टर्बो हाती आल्यावर अख्खं वर्ष कसं शिकण्यात जातं, हे तिथे उघड दिसतं. अर्ध्या गुणाने ठरलेल्या वर्षात सुरुवातीच्या दोन-तीन शर्यती गेल्या असत्या तर लाउडाच्या नावावर तिसरं विजेतेपद नसतं, याबद्दल मला शंका नाही.

माझ्या मते आशयात लाउडा बरोबर होता. पद्धतीबद्दल बोलायचं तर, संघाच्या प्रमुखाला ओलांडून प्रायोजकाकडे जाणं हे संघ मोडणारं कृत्य आहे आणि बहुतेक ठिकाणी ते मोडतंच. मॅकलारेन मोडली नाही याची दोन कारणं मला दिसतात. एक, लाउडाने मागितलेली गोष्ट स्वतःपुरती नव्हती. पगार, पहिल्या नंबरचा मान, वॉटसनला डावलणं, यातलं काही त्याने लोझानला मागितलं नाही. मोन्झापासून वॉटसनलाही तेच इंजिन मिळालं. दोन, गाडी कशी असावी हे त्याने बर्नार्डला शिकवलं नाही. त्याने वेळापत्रकात हात घातला, रेखाटनात नाही. आपलं वजन कुठे टाकायचं आणि कुठे आवरायचं, यातला हा फरक संघांमध्ये फार थोड्या ज्येष्ठांना सांभाळता येतो. वॉटसनकडे पाहिलं की तो जास्त जाणवतो. 1979 पासून संघात, 1981 मध्ये मॅकलारेनला पुन्हा जिंकायला लावणारा, सभ्य आणि वेगवान ड्रायव्हर. 1983 संपताना तो पैशासाठी ताणत बसला, तेवढ्यात प्रोस्ट मोकळा झाला आणि वॉटसनची जागा गेली. त्याने जोर लावला होता तो स्वतःच्या करारावर.

किंमत लाउडानेही मोजली. डेनिसशी त्याचं नातं त्यानंतर कधी पूर्ववत झालं नाही. डेनिसला संघ आपल्या हातात हवा होता, आणि आपल्या डोक्यावरून जाऊ शकणारा ड्रायव्हर ही त्याच्यासाठी कायमची खुपणारी गोष्ट झाली. प्रोस्ट तरुण होता, जास्त वेगवान होता, आणि संघाचा ओढा त्याच्याकडे वळणं ओघानेच आलं. 1985 मध्ये लाउडाची गाडी शर्यतीमागून शर्यत बंद पडत राहिली. त्या वर्षी तो एकच शर्यत जिंकला आणि हंगाम संपताच कायमचा निवृत्त झाला. प्रोस्ट त्या वर्षी विश्वविजेता झाला, पुढच्या वर्षी पुन्हा.

टॅग-पोर्शे इंजिनाने 1987 पर्यंत एकूण 25 शर्यती जिंकल्या. त्यांतल्या 19 प्रोस्टच्या आहेत, सहा लाउडाच्या.